गंजायला ठेवलेली दुनळी

तेरवीच्या आदल्या दिवशी घर धुऊन निघाले. गोकुळा मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसली होती आणि अंगणातून वाहत जाणारे राखाडी पाणी पाहत होती. भाद्रपदातले मऊ ऊन होते. पाण्याबरोबर चुलीची राख जात होती, तांदळाचे दाणे जात होते, झेंडूची एक चुरगळलेली पाकळी जात होती. हे पाणी बांधाखालून धानात शिरेल, धानातून बोडीच्या तळ्यात, बोडीतून नाल्यात, आणि नाला कुठे ना कुठे वैनगंगेला मिळेल, असे तिच्या मनात येत होते. नवरा गेल्यापासून तिचे मन असेच एखाद्या गोष्टीच्या मागे हळूहळू चालत राही. कोणी बोलावले की परत यायचे, जरा मोकळे झाले की पुन्हा निघायचे.

"आई, पाहा बरं कशा निंगाल्या."

सून दामिनी समोर उभी होती. पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत राखेने माखलेले. तान्हे बाळ धरावे तशी तिने दोन्ही हातांवर बंदुकीच्या नळ्यांची जोडी धरली होती. दुनळीच्या त्या जुळ्या नळ्या दुधाच्या चरवीसारख्या पांढऱ्या चमकत होत्या. त्यांच्यावर पडलेले ऊन पडवीच्या वाशांवर थरथरत होते.

गोकुळाला त्या आधी ओळखूच आल्या नाहीत. मग ओळखल्या.

दामिनीच बोलत होती. मामाजींचे, म्हणजे सासऱ्यांचे, दुकान धुवायला गेले तर खिडकीखालच्या लाकडी पेटीत फडक्यात गुंडाळलेल्या या नळ्या सापडल्या. अंगभर लाल गंज. मामाजी आजारी पडले, कोणाचे लक्ष गेले नाही, पडून पडून सडल्या असतील बिचाऱ्या. उद्या तेरवीला पत्रूभाऊ त्यांची बंदूक न्यायला येणार. मिस्तरीच्या घरून गंजकी नळी मिळाली असे त्यांनी गावभर सांगितले असते. म्हणून मग चिंच घेतली, राख घेतली, विटेचा चुरा आणि तारेची घासणी घेतली, आणि सकाळपासून बसले ती आता उठते आहे.

बोलता बोलता तिने हाताची बोटे दाखवली. नखे झिजून गेली होती.

"ठेव तिथी," गोकुळा म्हणाली. "अन् थोडी बस. दमली असशील."

दामिनीला आणखी काही ऐकायचे होते. ती जरा घुटमळली आणि नळ्या खाटेवर ठेवून विहिरीकडे गेली.

गोकुळाच्या नवऱ्याचे, मनसाराम मिस्तरींचे, सारे आयुष्य जुन्या दुनळ्यांना पुन्हा उभे करण्यात गेले होते. त्यांच्या वडिलांनी, झिंगू मिस्तरींनी, हे काम मालगुजारांच्या काळात धरले. मालगुजारी गेली, शिकारी बंद झाल्या, पण बंदुका राहिल्या. कोणाच्या आजाने हौसेने आणलेली, कोणाला पिकाच्या राखणीच्या परवान्यावर मिळालेली. त्यांचे लाकडी दस्ते चिरत, खटके अडत, आणि मग लोक त्या पोत्यात गुंडाळून, परवान्याचा कागद छातीशी धरून मिस्तरींच्या दारात येत. मिस्तरी दस्त्याला जवसाचे तेल तळहाताने चोळत. दिवसचे दिवस चोळत, लाकडाला आतून ऊब येईपर्यंत. नळी आणि खटका नीट बसतो की नाही ते पाहायला ते दिव्यावर काजळी धरत आणि ती नळीच्या बुडाला लावत. बंदूक मिटून उघडली की जिथे काजळी पुसली गेली तिथे कानस फिरवायची. नव्या नवरीच्या दिवसांत गोकुळा त्याच दिव्याचे काजळ डोळ्यात घाली. मिस्तरीची बायको अन् मिस्तरीची बंदूक एकाच दिव्यानं नटते, असे गावातल्या बाया म्हणत, आणि ती लाजून पाण्याला जाई.

पण सगळ्यात मोठे काम गंजाचे. ते पावसाळ्यात आणि भाद्रपदातच होई, कारण त्याला दमट हवा लागे. नळ्या आधी घासून पांढऱ्या करायच्या, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या ठोकायच्या आणि मग खुंट्यांनाच धरायचे. लोखंडाला बोट लावायचे नाही. मोरचुदाचे आणि तेजाबाचे पाणी फडक्याने हलके पुसायचे, ओल्या पेटीत ठेवायच्या आणि गंज येऊ द्यायचा. आला की उकळते पाणी ओतून तो तारेच्या कुंच्याने हळू झाडायचा आणि पुन्हा पाणी पुसायचे. रंगाचा एकेक हात असा चढत जाई. फार जुन्या काही नळ्या लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकमेकींत पिळून केलेल्या असत. पांढऱ्या असताना त्यांच्यात काही म्हणता काही दिसत नसे. गंज चढू लागला की लोखंड एका रंगाने गंजे, पोलाद दुसऱ्या, आणि नळीभर लहरी उमटत. वाळूवरून पाणी ओसरल्यावर उरतात तशा.

पहिल्यांदा त्यांनी तिला बोलावून ते दाखवले तेव्हा तिचे हात कणकेचे होते. हे कोणी काढलं, असे तिने विचारले होते. ते नळी उजेडात फिरवत राहिले आणि म्हणाले, "कोणी नाई. आतच होतं."

पत्रूभाऊंची दुनळी तशा नळ्यांची होती. असल्या नळ्यांत आताची काडतुसे चालत नाहीत, हे मिस्तरींनी त्यांना पुन्हा पुन्हा बजावले होते आणि पत्रूभाऊंनाही ती चालवायची नव्हती. आज्याची आठवण म्हणून दसऱ्याला पूजेत ठेवायची, एवढेच. मिस्तरी त्या नळ्यांवर आजारपणातही काम करत होते. उठवेना तेव्हा खाटेवरून विचारत, फडकं ओलं हाये का? गोकुळा फडके ओले करून येई. शेवटचे एकदोन हात राहिले होते. उठलो का झाडतो, असे म्हणाले आणि उठले नाहीत.

त्यांचे ते शेवटचे काम विहिरीच्या पाण्यात धुऊन गेले होते. तिने मघाशी त्याला अंगणातून वाहताना पाहिले होते आणि ती राखच समजली होती.

दुपारी मुलगी उर्वशी आली. ती चंद्रपूरला दिलेली. लहानपणी त्या पेटीला हात लावल्यावरून तिने बापाचा आयुष्यातला एकुलता एक मार खाल्ला होता. खाटेवर पांढऱ्या नळ्या पाहताच तिला सगळे कळले. वहिनी, तुम्ही हे काय केलं, असे ती विचारत राहिली. दामिनी आधी गोंधळली, मग गंज हाच रंग असतो हे कळल्यावर तिचा चेहरा उतरला.

"तांब्या घासते तशी घासली," उर्वशी म्हणाली. "बाबांचा हात होता त्याच्यावर, बाबांचा."

"मले कोणी सांगतलं का?" दामिनी म्हणाली. "इतके वर्स झाले या घरात येऊन. दुकानात बाईमाणसानं काऊन जावं, असंच आयकलं म्या."

देवराव बाहेरून आला तो ही बोलणी ऐकत. तो गोकुळाचा मुलगा, दामिनीचा नवरा, एसटीचा चालक. गडचिरोली डेपोच्या गाड्या घेऊन तो साऱ्या जंगलातून फिरलेला. जागोजागी नक्षल्यांच्या शोधात पोलीस गाडी थांबवत, तपासणी होई, आणि बाप काय करतो हा प्रश्न त्याला कोणी विचारू नये असे त्याला वाटत राही. बापाच्या आजारात त्याने एकेक बंदूक धन्याच्या घरी पोचवली होती. दुकानाचा परवाना आता संपणार होता, आणि तेरवीनंतर घरात काहीही उरणार नाही असे तो ठाण्यात सांगून आला होता. फक्त ही एक राहिली होती.

त्याने नळ्या हातात घेतल्या, उजेडात धरल्या आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क समाधान आले. चांगल्याच तर दिसतात, तो म्हणाला. पत्रूकाकांना तरी कुठे माहीत आहे त्यांचा रंग कसा होता? त्यांनी दिली तेव्हा ती काळीकुट्ट होती. उद्या जेवण झाले की बंदूक जोडून त्यांच्या हाती द्यायची, कागदावर सही घ्यायची आणि संपले. कोणी काही बोलायचे नाही.

गोकुळाला वाटले उर्वशी त्याच्यावर तुटून पडेल. उर्वशी मात्र थोडा वेळ नळ्यांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, दादा म्हणतो ते बरोबर आहे. तेरवीच्या पंगतीत सारे गाव बसणार. मिस्तरीची बंदूक त्यांच्या घरच्यांनीच नासवली, हे कशाला उघडे करायचे? बाबांचेच नाव खराब होईल. पाहता पाहता बहीणभाऊ एका बाजूला झाले. लहानपणी भांडत, पण बापापासून काही लपवायचे असले की असेच एक होत.

दामिनी कोणाच्याच बाजूला नव्हती. ती चुलीपाशी जाऊन उद्याच्या वड्यांची डाळ भिजत घालू लागली.

उन्हे कलली तशी गोकुळा उठून दुकानात गेली. खाली वाकून चालत, दाराच्या चौकटीला हात लावत. आत जवसाच्या तेलाचा वास तसाच होता. कानशी आपापल्या खिळ्यांना टांगलेल्या होत्या. ती त्यांच्या बसायच्या पोत्यावर बसली आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडात धूळ तरंगताना पाहत राहिली. तिला वाटले, ते जरा बाहेर गेले आहेत. खोकत येतील, बसताना गुडघ्यावर हात टेकतील, आणि नळी दोऱ्याला टांगून बोटाने हळू वाजवतील. सांधा पक्का असला की नळी देवळातल्या घंटेसारखी वाजे, आणि तो आवाज स्वयंपाकघरात येता येता विरून जाई.

दारात दामिनी उभी होती. कधीची, कोण जाणे.

"आई, कसं होतं ते?" तिने विचारले. "गंजाखाली काय होतं?"

गोकुळाने तिला सांगितले. लहरी सांगितल्या, त्यांचा रंग सांगितला. कात विड्यात भिजल्यावर होतो तसा, आणि कडेला जरा लालसर. सांगता सांगता ती बोटांनी हवेत आकार काढत होती. दामिनी ऐकत उंबऱ्यावर बसली.

"म्या पुसून टाकलं ते," ती शेवटी म्हणाली.

आपल्याला राग आला आहे का, हे गोकुळा शोधत होती. राग नव्हता. एक मोकळी जागा होती, दात पडल्यावर असते तशी, आणि जीभ पुन्हा पुन्हा तिकडे जात होती.

दुसऱ्या दिवशी तेरवी झाली. पंगती उठल्या, माणसे पानसुपारी घेऊन पांगली. पत्रूभाऊ मागे थांबले. वैनगंगेच्या काठचे, मार्कंड्याच्या अलीकडच्या गावचे, गोकुळाच्या माहेरचेच म्हातारे गृहस्थ. देवरावने बंदूक जोडून आणली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. दस्ता तेलाने तुकतुकत होता आणि नळ्या आरशासारख्या. पत्रूभाऊंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. नळीत त्यांना आपली मिशी दिसली आणि ते लहान मुलासारखे हसले.

"आता बापा," ते म्हणाले, "माह्या आज्यानं पण अशी पाह्यली नसन. मिस्तरीनं जाता जाता सोन्यावानी काम केलं. आजवर केलेल्या कामाईत हेच पह्यला नंबर."

देवराव मान डोलावत होता. उर्वशीने पानाचे तबक पुढे केले. गोकुळा खांबाशी बसली होती. एवढा वेळ ती जणू झोपेत सारे ऐकत होती, पण त्या शेवटच्या बोलण्याने ती जागी झाली. मिस्तरींच्या हयातीत लोकांनी त्यांचे कौतुक केले तेव्हा ते त्यांचे होते. हे त्यांचे नव्हते. ज्या कामाला त्यांनी हात लावला नव्हता ते त्यांच्या नावावर निघून जाणार होते, दसऱ्याला पाटावर बसणार होते, आणि येणारेजाणारे त्यालाच हात जोडणार होते.

"पत्रूभाऊ," ती म्हणाली, "हे त्याईचं काम नोहे."

देवराव म्हणाला, आई दमली आहे, तिला आत न्या. उर्वशी उठलीसुद्धा. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून दामिनी पुढे आली. डोक्यावरचा पदर सावरत ती बोलली.

"आई खरं सांगून राह्यल्या, काका. म्या घासल्या त्या. मामाजीनं रंग चढवला होता, मले समजलंच नाई."

देवरावने बायकोकडे पाहिले. इतक्या वर्षांत तिने चारचौघांत त्याचे बोलणे मोडले नव्हते. आज मोडले, आणि मोडून ती तिथेच उभी राहिली.

गोकुळाने मग पत्रूभाऊंना सगळे सांगितले. ते ऐकत राहिले, बोट नळीवरून फिरवत. पुन्हा येतो का तो रंग, एवढेच त्यांनी विचारले. येतो, गोकुळा म्हणाली. मिस्तरींचे तेजाबाचे पाणी बाटलीत आहे. हवा अजून दमट आहे, आश्विन लागून कोरडी झाली की मग नाही. आणि राखेने घासली ते एका परीने बरेच झाले. मिस्तरीही सुरुवातीला राखेनेच तेलकटपणा काढत. मला नीट दिसत नाही आणि माझे हात थरथरतात, पण सांगता येईल.

देवराव खाली बसला. आवाज चढवला नाही. मी ठाण्यात शब्द दिला आहे, तो म्हणाला. आजच्यानंतर या घरात बंदुकीचा खिळा राहायचा नाही. बाबा होते तोवर त्यांचा परवाना होता, आता काय आहे? उद्या मला कोणी विचारले तर मी काय सांगू, आई रंग चढवत होती? त्याचे खोटे नव्हते, हे गोकुळाला कळत होते. त्याच्या साऱ्या नोकरीतली भीती त्या बोलण्यात होती.

"मंग माह्या घरी करू," पत्रूभाऊ म्हणाले. "माही बंदूक, माहा परवाना, माहं घर. कोण काय म्हणते?"

उर्वशी म्हणाली, काका, असं कसं होईल? आई या दाराबाहेर कशी पडेल? नवरा गेल्यावर माहेरची माणसे येऊन नेत नाहीत तोवर उंबरा ओलांडायचा नसतो, आणि माहेरी आता कोण उरले आहे? दोन्ही मामा गेले. घर पडले.

पत्रूभाऊंनी बंदूक बाजूला ठेवली आणि आपल्या पिशवीत हात घातला. आतून एक हिरवट लुगडे निघाले, घडी न मोडलेले. गावचा माणूस तेरवीला जातो म्हणून त्यांच्या घरून पाठवलेले, आणि कोणाच्या हाती द्यावे हे न कळल्याने सकाळपासून पिशवीतच राहिलेले. ते गोकुळाच्या मांडीवर ठेवताना त्यांचा हात जरा थांबला.

"गोकुळाबाई," ते म्हणाले, "आपण एका घाटावर पोहलो. भाऊ नेते तसा मी नेतो. चाल."

गोकुळाने लुगड्यावर हात ठेवला. माहेरच्या नावाने तिला कोणी 'चाल' म्हटल्याला किती काळ लोटला होता. तिने देवरावकडे पाहिले. तो उंबऱ्याकडे पाहत होता.

"जाय," तो म्हणाला. मग दामिनीकडे वळून, "अन् तू?"

"मी त्याईच्या संग," दामिनी म्हणाली. "हात कोणाचे लागतीन मंग?"

घरचं कोण पाहील, असे तो पुटपुटला. उर्वशी म्हणाली, मी राहते. आणि अशा रीतीने काल जे एका बाजूला होते ते आज संध्याकाळपर्यंत कुठल्या कुठे विखुरले. देवरावने स्वतः पेटी उचलून पत्रूभाऊंच्या गाडीत ठेवली. कागदावर त्यांची सही घेतली. बाटली मात्र त्याने आईच्या हातात दिली, सांडू नको म्हणून.

पत्रूभाऊंच्या घराच्या मागे जमीन उतरत नदीकडे जात होती. सकाळी धुके असे, आणि मार्कंड्याच्या देवळाची घंटा त्यातून येई, कोणी पाण्याखालून वाजवावी तशी. गोकुळाला जाग कुठे संपते आणि झोप कुठे सुरू होते हे कळेनासे झाले. आपण नऊवारी नेसलेली म्हातारी आहोत की परकरातली पोर, हेही कधी कधी समजत नसे. दामिनी नळ्यांना खुंट्यांनी धरी, फडके पिळी, आणि गोकुळा डोळे मिटून सांगत राही. हळू. वरून खाली, एकदाच. परत फिरवू नको. झाडताना दाबू नको, पोराच्या डोक्यावरून फणी फिरवते तसं. पहिल्या दिवसांत नुसता मळकट गंज आला. दामिनी रडवेली झाली. तिला वाटले आपण दुसऱ्यांदा नासवले. थांब, गोकुळा म्हणे. गंज असाच येते.

हात चढत गेले. पत्रूभाऊ रोज येऊन पाहून जात.

एका सकाळी दामिनीने उकळते पाणी ओतले, कुंचा फिरवला आणि एकदम थांबली. तिने नळ्या उचलून अंगणातल्या उजेडात आणल्या. लहरी आल्या होत्या. बुडापासून टोकापर्यंत, एकीमागे एक. ती त्या बघतच राहिली. मग गोकुळाच्या डोळ्यांसमोर तिने त्या धरल्या, अगदी जवळ.

गोकुळाने पाहिले. बराच वेळ पाहिले. रंग कातासारखा नव्हता, त्यात लालसरपण नव्हते. तो गडद होता, निळसर, नदीचे पाणी संध्याकाळी होते तसा. इथले पाणी निराळे, हवा निराळी, आणि हात निराळा. लहरीही त्यांच्यासारख्या बारीक नव्हत्या. एका जागी, जिथे तारेची घासणी जोरात लागली होती, तिथे त्या जरा तुटल्या होत्या आणि पुढे जाऊन पुन्हा लागल्या होत्या.

त्यांचा रंग आता कुठेच नव्हता. हे तिला तेव्हा पुरते कळले, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आले. आवाज न होता, थांबवावेसेही न वाटता.

"मामाजीचा असाच होता काय जी?" दामिनीने घाबरत विचारले.

"नाई. त्याईचा असा नोता."

"बिघडला का मंग?"

गोकुळाने पदराने डोळे पुसले आणि पुन्हा नळीकडे पाहिले.

"बिघडला नाई," ती म्हणाली. "हा तुया हाये. घे, अजून एक हात द्याचा राह्यला."